मिरगातला अंतोनी

घरात किल्ली हरवली की आई मारुतीला नारळ बोलायची आणि आम्हा भावंडांपैकी जो हाताशी असेल त्याला शेजारी पिटाळायची. "जा, मावशीले म्हना, तुमच्या अंतोनीले सांगा." मारुतीवरचा तिचा भरवसा काही कमी नव्हता, पण हरवलेल्या वस्तूंचं खातं त्याच्याकडे नाही, हे तिला मनोमन पटलेलं होतं. मावशी हातातलं काम बाजूला ठेवायची, पदराला हात पुसायची आणि फळीवरच्या वीतभर मूर्तीपुढं उभी राहून दोन शब्द पुटपुटायची. तपकिरी झगा, मधोमध तासलेलं डोकं, कडेवर बाळ. बाळाचा उजवा हात मनगटापासून तुटलेला होता आणि तिथून आतलं पांढरं प्लास्टर दिसायचं. बदलीत तुटला, मावशी सांगायची, भुसावळहून सामान येताना. किल्ली बहुतेक वेळा सापडायची. बहुतेक वेळा ती आईच्याच कमरेला असायची.

चांदूर रेल्वेच्या क्वार्टरांतली ही गोष्ट. वडील बुकिंगच्या खिडकीवर, शेजारचे काका सिग्नल खात्यात. काका-मावशी दोघं वसईचे, कॅथलिक. आपसात सामवेदी बोलीत बोलायचे, आमच्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी. आणि दोन-तीन वर्षांत मावशीच्या तोंडी वऱ्हाडी अशी बसली, की भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती आमच्या आईला मागं टाकायची. "काऊन वो, एवढे काऊन महाग?" असं ती म्हणाली की भाजीवालाही हसून दोन मिरच्या जास्त टाकायचा.

तिची एक कायमची तक्रार गावाच्या नावाबद्दल होती. याच जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, म्हणून आमच्या गावाला 'रेल्वे' हे आडनाव लावावं लागतं. वसईच्या लोकांना ते ध्यानात राहायचं नाही. नुसतं 'चांदूर' लिहिलेलं नाताळचं एक कार्ड बाजारात फिरून संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर घरी आलं होतं. (पुढं केव्हातरी कळलं, गोव्यातही एक चांदोर आहे, कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर ती हीच, आणि तिथं ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त भरतं. मावशीला हे सांगायचं राहून गेलं. तिनं तिथंही एक कार्ड गेलं असेल, असं नक्की म्हटलं असतं.)

आमच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. तिच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती, तेव्हा तसं पाहिलं तर एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन वर्षं टांगलेली असायची. तिच्या कॅलेंडरात शुक्रवारच्या चौकोनात एक बारकासा मासा छापलेला असे. त्या दिवशी मटण नाही, मासळी चालेल. चांदूरसारख्या गावात ताजी मासळी आणायची कुठून? सुक्या बोंबलांवर तिचे शुक्रवार निघायचे, आणि त्या वासानं आईचे गुरुवार शनिवारपर्यंत लांबायचे. पण मला त्या माशाहून जास्त ओढ होती ती आकड्यांखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांची. प्रत्येक तारखेला एक नाव. ३६५ दिवसांत मोकळा चौकोन नाही. आमच्याकडे चतुर्थी आहे, एकादशी आहे, पण मधले कितीतरी दिवस नुसते दिवस असायचे. तिच्याकडे साधा मंगळवारसुद्धा कुणाचा तरी होता.

"आज कोनाचा दिवस हाय मावशी?" हा आमचा खेळ झाला. तांदूळ निवडताना मान वर न करता ती सांगायची. आज योसेफचा, तो सुतार. आज लॉरेन्सचा, त्याला जाळीवर भाजलं, म्हणून तो स्वयंपाक्यांचा. आज लुसीचा, तिच्या हातातल्या ताटलीत तिचेच दोन डोळे असतात, तुझा नंबर वाढला ना चष्म्याचा, तिला सांग. या गोष्टी ऐकून रात्री भीती वाटायला हवी होती. वाटायची नाही. आमच्याकडे तरी काय कमी होतं? शीर कापून हत्तीचं बसवलेला देव दर वर्षी पाटावर यायचा आणि आम्ही त्याला मोदक द्यायचो.

प्रत्येक संताबरोबर काहीतरी असतंच, हे मला तिनं शिकवलं. चेहऱ्यावरून संत ओळखू येत नाहीत, सगळ्यांना दाढी नाहीतर सगळ्यांना पदर. ओळखायचं ते हातातल्या वस्तूवरून आणि पायाशी बसलेल्या जनावरावरून. मार्कजवळ सिंह, लूकजवळ बैल, रोखजवळ कुत्रा. हे मला लगेच पटलं, कारण जून लागला की वडिलांच्या खिडकीशी तिकिटाबरोबर हमखास एक प्रश्न यायचा, "साहेब, मिरगाचं वाहन काय हाय औंदा?" वडील मागं वळून पंचांग बघून सांगायचे. बेडूक किंवा म्हैस निघाली की विचारणाऱ्याचा चेहरा खुलायचा. गाढव निघालं की तो तिकीट खिशात टाकून आभाळाकडं बघायचा. मला वाटायचं, या नक्षत्रांचीही मावशीकडं तसबीर असणार. पुष्य, हातात काहीतरी, पायाशी कोल्हा.

हे साम्य वाटलं तितकं पोरकट नव्हतं, हे फार उशिरा कळलं. आपले सण चंद्राच्या मागून जातात, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. पण शेतकऱ्याला चंद्र पुरत नाही. पाऊस सूर्याचा, म्हणून पावसाची नक्षत्रंही सूर्याची. मिरग ७ किंवा ८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, दर वर्षी, न हलता. मावशीचे संतही असेच सूर्याला बांधलेले. अंतोनी १३ जूनला, म्हणजे कायम मिरगात. बाप्तिस्मा देणारा योहान २४ जूनला, आर्द्रात. त्या दिवशी गोव्यात डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून विहिरीत उड्या घेतात, आणि आमच्याकडे त्याच सुमाराला तिफण चालू असते, नाहीतर तिफण उभी करून सगळं गाव पश्चिमेकडं तोंड करून बसलेलं असतं. त्यांच्यातही एक सण मात्र चंद्राला मानतो. २१ मार्चची किंवा तिच्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यापुढचा रविवार, तो ईस्टर. म्हणून तो कधी होळीच्या मागोमाग येतो, कधी हनुमान जयंतीच्या. आईला हे माहीत असतं तर किल्लीचा कारभार तिनं दोघांत कसा वाटला असता कोण जाणे.

अंतोनीबद्दल आणखी थोडं. माणूस मूळचा लिस्बनचा, पण ओळखला जातो तो इटलीतल्या पादुआचा म्हणून. १२३१ साली १३ जूनला तिथं वारला आणि वर्ष भरायच्या आत रोमनं त्याला संत जाहीर केलं. इतकी घाई सहसा होत नाही. १५८७ पासून तर तिथं रीतसर कोर्टच असायचं, आणि संत होऊ घातलेल्या माणसाच्या विरुद्ध बाजू मांडायला एक वकील नेमलेला असायचा. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. ते पद १९८३ साली गेलं. या अंतोनीचं चरित्र आपल्याकडच्या देशी भाषेत १६५५ साली गोव्यात छापलं गेलं, हे वाचलं तेव्हा मला मावशीची फळी आठवली. लिहिणारा आंतोनियु द साल्दान्य नावाचा जेसुइट पाद्री. त्याच्या आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आलं होतं आणि १६२९ मध्ये एका फ्रेंच पाद्र्यानं संत पेत्रावर मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं होतं. साल्दान्यच्या पुस्तकाच्या नावातच पादुआ शहराचं 'पाडवा' झालं आहे. पाडव्याचा अंतोनी. आमच्या आईला हे नाव चाललं असतं, तिनं त्याला श्रीखंड दाखवलं असतं.

मिस्सेसाठी मावशी अमरावतीला जायची. पॅसेंजरनं बडनेरा, तिथून पुढं कॅम्पातल्या मोठ्या चर्चमध्ये. ते चर्च फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं. १९५५ साली नागपूरपासून वेगळा अमरावतीचा धर्मप्रांत झाला. त्याआधी या भागात कॅथलिक मिशन रुजवलं ते फ्रान्सिस द सेल्सच्या नावानं चालणाऱ्या फ्रेंच पाद्र्यांनी. म्हणजे वऱ्हाडाच्या वाट्याला दोन फ्रान्सिस, एक २४ जानेवारीचा, एक ३ डिसेंबरचा. असिसीचा, पाखरांशी बोलणारा, तिसरा. तो ४ ऑक्टोबरला यायचा, तेव्हा कपाशीला बोंडं धरलेली असायची. मावशीला स्वतःला या मोठ्यांपेक्षा गोन्सालो गार्सिया जवळचा. वसईत जन्मलेला पोरगा, १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला पहिला. "आमच्या गावचा हाय," ती म्हणायची, जसं आपण भाच्याबद्दल म्हणतो.

एकदा फेब्रुवारीत तिनं मलाही नेलं. माझ्या गळ्याला टॉन्सिल्सचा कायमचा त्रास. ३ फेब्रुवारी, संत ब्लेझचा दिवस. रांगेत उभं राहिल्यावर फादरांनी दोन मेणबत्त्या एकमेकींवर तिरक्या धरून माझ्या हनुवटीखाली टेकवल्या. पेटलेल्या नव्हत्या. मेण गार लागलं आणि नाकात मधाचा वास आला. फादर काय म्हणाले ते कळलं नाही. परतताना बडनेऱ्याला गाडीला वेळ होता म्हणून मावशीनं मला संत्र्याचा रस पाजला, बर्फ घालून, आणि तीन दिवस माझा गळा बसला. आईला तिनं सांगितलं, ब्लेझचा काही दोष नाही, बर्फाचा आहे.

काकांच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, एक पत्र्याचा बिल्ला असायचा. खांद्यावर पोर घेऊन नदी उतरणारा धिप्पाड माणूस. क्रिस्तोफर. गोष्ट अशी, की तो लोकांना नदीपार न्यायचा. एका रात्री एका पोराला उचललं, आणि मधोमध येईस्तोवर ते पोर इतकं जड झालं की पाय उचलेना. पोर म्हणजे येशू. मावशीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ही तर वसुदेवाची गोष्ट. ती म्हणाली, "असंन. नदी तं सगळीकडंच हाय." पण १९६९ साली रोमनं वर्षभराच्या दिवसांची फेरमांडणी केली आणि ज्यांचं चरित्र दंतकथेत विरघळून गेलं होतं अशा काही जणांना सगळ्या जगाच्या सामायिक कॅलेंडरातून उतरवलं. क्रिस्तोफर त्यांतला. मानायला बंदी नव्हती. ज्या गावाला हवा, त्यानं ठेवावा. तरी २५ जुलैच्या चौकोनातून त्याचं नाव गेलं ते गेलंच, तिथं आता नुसता याकोब. मावशीनं पेन्सिलीनं ते दर वर्षी लिहून काढायचा नेम केला होता.

अशाच एका २५ जुलैची रात्र मला लख्ख आठवते. पाऊस दुपारपासून कोसळत होता. अकराच्या सुमाराला स्टेशनवरून पोऱ्या धावत आला, बाहेरचा सिग्नल पडत नव्हता, गाडी तिकडं उभी. काकांनी घोंगडी घेतली, बत्ती घेतली, पिशवी उचलली. मावशी दारात आली. तिनं पिशवीत हात घालून बिल्ला चाचपला, पान्यांचा खणखणाट झाला, आणि हात बाहेर काढून ती काही न बोलता आत गेली. आम्ही खिडकीतून बघत होतो. बत्तीचा पिवळा ठिपका रुळाच्या कडेनं डुलत डुलत लहान होत गेला. मग बराच वेळ काहीच नाही. मग लांबून इंजिनाची एक लांबलचक शिटी, आणि मावशीच्या घरात स्टोव्ह पेटल्याचा आवाज. तिनं चहा टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकड्या घेऊन घरोघर हिंडत होती.

कारण दुसऱ्या दिवशी २६ जुलै. अन्नाचा दिवस, मारियेच्या आईचा, म्हणजे येशूच्या आजीचा. मावशीची बहीण गोव्यात दिलेली, तिच्याकडून हे तिनं उचललं होतं. गोव्यात तळावलीला या दिवसाच्या सुमाराला तवशांचं फेस्त असतं. मूल व्हावं म्हणून लोक अन्नाला तवशी वाहतात, म्हणजे काकड्या. त्या देवळाला म्हणतात सांतान. संत अन्नाचं सांतान, आणि तिच्याकडं मागायचं काय, तर संतान. भाषेनं एवढी सोय क्वचितच कुणाची केली असेल. मावशी मागत काही नव्हती. ज्या घरात आजी आहे त्या घरात ती काकडी द्यायची. आमची आजी ती काकडी मीठ-तिखट लावून खायची आणि म्हणायची, "येशूच्या आजीले माया नमस्कार सांग वो."

डिसेंबर मात्र वेगळा. ५ तारखेच्या दुपारपासून फलाट भरायला लागायचा. पांढरे कपडे, निळे झेंडे, फडक्यात बांधलेल्या भाकरी, कडेवर पोरं. नागपूरकडून येणाऱ्या गाड्या आधीच खच्चून भरलेल्या असायच्या, दारात लोंबकळणारी माणसं. तरी कसंबसं हात देऊन खालचे वर ओढले जायचे. सगळे दादरला निघालेले, चैत्यभूमीला. मावशी पाण्याची बादली आणि दोन पेले घेऊन फलाटाच्या टोकाला उभी राहायची, मी तिच्याबरोबर. खिडकीतून हात बाहेर यायचे, पेले आत जायचे, कधी परत यायचे, कधी गाडीबरोबर जायचे. ६ डिसेंबर म्हणजे तिच्याकडं निकोलसचा दिवस, गुपचूप दानं देणारा तो बिशप, मला पाठ होतं. मी आपली हुशारी दाखवायला म्हटलं, "मावशी, आज निकोलस ना?" ती बादली उचलत म्हणाली, "आज या लोकायचा दिवस हाय." पेले तिनं त्या दिवशी मोजलेसुद्धा नाहीत.

१९५६ साली बाबासाहेब गेले त्या ६ डिसेंबरला गुरुवार होता. बरोबर दोन आठवड्यांनी, गुरुवारीच, २० तारखेला गाडगेबाबा गेले, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी. मावशी म्हणायची, तुमचे संत ओळखायला सोपे. गाडगेबाबांच्या हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गजानन महाराजांची चिलीम. तुकडोजी महाराजांची खंजिरी. चित्रकाराला चेहरा जमला नाही तरी चालेल. आणि तुमच्याकडं वकील नाही लागत, हेही तीच म्हणायची, काहीशा हेव्यानं. शेगावला कुणी अर्ज केला होता?

संताचा दिवस म्हणजे बहुधा त्याच्या मरणाचा दिवस. रोमच्या भाषेत त्यालाच जन्मदिवस म्हणतात. पुण्यतिथीचा अर्थ फार वेगळा नाही. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम गप्प होतात, आणि नंतर सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या जातात. मावशी एकदा तिथं गेली होती. आल्यावर प्रार्थनेबद्दल काही बोलली नाही, त्या गप्प होण्याबद्दल बोलली. एवढी माणसं आणि एक पोर रडलं तेवढंच, म्हणाली. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला. पण मोझरी पाळते ती तिथी, आश्विन वद्य पंचमी. तारखेचं आणि तिथीचं हे भांडण आपल्या प्रत्येक घरात असतं. आविलाची तेरेसा आपल्या घरची वाटते ती त्यामुळे. ती ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री गेली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडली १५ ऑक्टोबर, कारण नेमक्या त्याच रात्री पोपच्या हुकमानं कॅलेंडरातले दहा दिवस गाळले गेले. म्हणून तिचा दिवस १५ ला. आपल्याकडं एखादी तिथी क्षय होते, तिच्याकडं सबंध दशमी उडाली.

फक्त तिघांचे खरेखुरे वाढदिवस त्या कॅलेंडरात आहेत. येशूचा, योहानाचा, आणि ८ सप्टेंबरला मारियेचा. ती आईच्या पोटी राहिली तो दिवस ८ डिसेंबर, तिथून मोजा, बरोबर नऊ महिने. मुंबईत त्या दिवसाच्या सुमाराला मोतमाउलीची जत्रा भरते. मंगळुरूकडचे कॅथलिक त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या घरी आणतात आणि जेवण निव्वळ शाकाहारी करतात, भाज्या विषम संख्येत, तीन, पाच, सात.

८ सप्टेंबर १९१० ला शेगावला गजानन महाराजांनी समाधी घेतली. त्या दिवशी ऋषिपंचमी होती. तेव्हापासून तारीख एका जागी आणि पंचमी तिच्या भोवती फिरते. चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब दर १९ वर्षांनी जवळपास जुळतो. ईस्टर काढणारे जुने पाद्रीही याच १९ च्या चक्रावर गणित मांडायचे. १९१० मध्ये सहा वेळा १९ मिळवले की २०२४ येतं. २०२४ मध्ये ऋषिपंचमी आली ८ सप्टेंबरला, रविवारी.

त्या सकाळी मी ऋषीची भाजी करत होते. बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, परसातलं, हातानं लावलेलं तेवढंच. पोळा होऊन आठवडा होत आलेला, बैलाला अजून एक दिवसाची सुट्टी. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी वसईला लेकीकडं असते, ऐकू कमी येतं, मधूनच माणसं विसरते. फोन लावला. लेकीनं तिच्या कानाशी धरला. मी ओरडून सांगितलं, मी कोण ते. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास. मग अचानक खणखणीत आवाजात, वसईच्या घरात गेली कित्येक वर्षं कुणी बोललं नसेल अशा वऱ्हाडीत, "आज कोनाचा दिवस हाय?"

मी सांगितलं. मारियेचा, आणि महाराजांचा, आणि ऋषींचा.

"भाजी केली?"

केली म्हटलं.

"काय काय टाकलं?"

मी सांगत गेले. लाल माठ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, अळू, मक्याच्या कणसाचे तुकडे, थोडी चिंच. ती एकेक नाव ऐकून हं म्हणत होती. मी थांबले. तीही थांबली.

"अन् काकडी वो?"

काकडी ओट्यावर होती, धुऊन ठेवलेली. टाकायची विसरले होते.